नदीचा धडा

तूप किंवा मध विकणारा वाणी भांड्याचा धडा केल्यावांचून माल तोलीत नाहीं. रिकाम्या भांड्याचें वजन दुसऱ्या पारड्यांत आधीं बसविलें नाहीं, तर मागाहून त्या तोलांत तूप किती आणि पितळ किती हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. ही गोष्ट बाजारांत लहानथोर सर्वांस मान्य आहे. परंतु ज्या नद्यांचें पाणी पिऊन कोट्यवधि माणसें जगतात, त्यांच्या बाबतींत ती मान्य होण्यास विसाव्या शतकाचीं बरींच वर्षें जावीं लागलीं, आणि कांहीं ठिकाणीं ती मान्य झाली तेव्हां वेळ टळून गेली होती. नदीच्या पाण्यांत, वाळूंत आणि गाळांत निसर्गतःच जो किरणोत्सर्ग असतो तो मोजण्याच्या विद्येचा इतिहास हा एका अर्थीं नदीचा धडा करण्याचाच इतिहास आहे. तो थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किरणोत्सर्गापासून सर्वस्वीं मुक्त अशी नदी पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नाहीं आणि कधींहि नव्हती. ज्या खडकांतून नदी उगम पावते त्यांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम हीं द्रव्यें पृथ्वीच्या जन्मापासून आहेत. युरेनियमाचे अणु फुटत फुटत अखेरीस त्यांचें शिसें होतें. त्या वाटेवर रेडियम, रेडॉन, पोलोनियम असे अनेक मुक्काम आहेत, आणि प्रत्येक मुक्कामावर किरण बाहेर पडतात. थोरियमाचीहि अशीच एक वंशावळ आहे. पोटॅशियमाच्या दर ग्रॅमांत दर सेकंदास सुमारें ३१ अणु फुटत असतात; मग तें पोटॅशियम खडकांत असो, केळ्यांत असो कीं वाचकाच्या देहांत असो. शिवाय आकाशांतून येणारे विश्वकिरण हवेंतील अणूंवर आदळून ट्रिटियम, बेरिलियम-७ यांसारखीं द्रव्यें घडवितात आणि पाऊस तीं नदींत आणून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या या विषयावरील वैज्ञानिक समितीनें २००० सालीं जगांतील मातीचे जे सामान्य आकडे दिले त्यांप्रमाणें एक किलो मातींत युरेनियम-२३८ चे सुमारें ३५, थोरियम-२३२ चे सुमारें ३० आणि पोटॅशियम-४० चे सुमारें ४०० अणु दर सेकंदास फुटतात. सेकंदास एक अणु फुटणें या मानास बेकरेल असें नांव आहे. नदीचा गाळ म्हणजे वाहून आलेली माती. तेव्हां त्याचें मानहि याच्याच आगेंमागें असावयाचें, हें ओघानेंच आलें. परंतु हें 'आगेंमागें' फार लवचिक आहे. दख्खनच्या काळ्या कातळांत हीं द्रव्यें थोडीं, ग्रॅनाइटांत त्याहून पुष्कळ अधिक. केरळांत नींदकरा ते कायंकुळम या किनाऱ्यावर तर नद्यांनीं पर्वतांतून आणलेली व समुद्रानें वेंचून ठेवलेली मोनॅझाइटाची वाळू पसरली आहे आणि तींत थोरियम इतकें आहे कीं, तो किनारा जगांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या प्रसिद्ध स्थळांपैकीं एक गणला जातो. तेथें कोणीहि कसलाहि कारखाना काढण्यापूर्वींपासून ती तशी आहे.

हें मोजण्याची बुद्धि मनुष्यास प्रथम भयानें झाली नाहीं, कौतुकानें झाली. बेकरेलनें युरेनियमाचे किरण १८९६ सालीं पाहिले, क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं रेडियम शोधून काढलें, आणि त्यानंतर चारपांच वर्षांच्या आंतच युरोपांतील प्रयोगशाळांत झऱ्यांचें व विहिरींचें पाणी तपासण्याची जणु चढाओढ लागली. केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन यांना १९०३ च्या सुमारास नेहमींच्या वापरांतील पाण्यांतच एक किरणोत्सारी वायु आढळला. त्यास आज आपण रेडॉन म्हणतों. पिएर क्यूरी व लाबोर्द यांनीं १९०४ सालीं उष्ण झऱ्यांतील वायूंचें मापन प्रसिद्ध केलें. या सर्वांचें उपकरण अगदीं साधें होतें. एका बंद डब्यांत सोन्याच्या वर्खाचीं दोन पानें विद्युद्भार देऊन फाकवून ठेवावयाचीं. किरणांनीं डब्यांतील हवा विद्युद्वाहक झाली कीं तो भार गळून पानें हळूहळू मिटतात. तीं किती वेळांत मिटतात हें घड्याळ लावून पाहिलें कीं झालें माप. आरोग्यस्थानांच्या चालकांस ही मापें सोन्याची खाण वाटलीं. आमच्या झऱ्यांत किरणोत्सर्ग अधिक, म्हणून आमचें पाणी अधिक गुणकारी, अशा जाहिराती निघूं लागल्या, आणि झऱ्यांच्या तुलनेकरितां माखे नामक व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाच्या नांवानें एक स्वतंत्र एककहि रूढ झालें. अमेरिकेंत तर रेडियम घातलेलें पाणी औषध म्हणून बाटल्यांत भरून विकलें जाई. तें पिणाऱ्या एका धनिकाचा १९३२ सालीं भयंकर हाल होऊन अंत झाला, तेव्हां कोठें तें वेड ओसरलें.

आपल्याकडेहि हें वारें लवकरच येऊन पोहोंचलें. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर स्टाइखेन या जेझुइट अध्यापकांनीं फादर सीर्प यांच्यासह १९११ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील उष्ण झऱ्यांच्या किरणोत्सर्गाचें मापन केलें. त्यानंतर पंचमहालांतील तुवा येथील कुंडांवर स्टाइखेन यांचा जो निबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या मासिकांत १९१६ सालीं आला, त्याचा विषय मोठा सूचक आहे: त्या कुंडांतील किरणोत्सर्ग नुसता किती आहे एवढाच नव्हे, तर तो कसा बदलतो. एक आकडा टिपून घेऊन घरीं न परततां त्याच ठिकाणीं पुनःपुन्हां माप घ्यावें लागतें, ही या विद्येंतील पहिली पायरी होय. आणि ती आपल्या इलाख्यांतील एका कॉलेजच्या अध्यापकानें शंभर वर्षांपूर्वीं ओळखली होती, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

इकडे युरोपांत त्याच सुमारास एक चमत्कारिक अडचण उभी राहिली होती. विद्युद्दर्शकाजवळ कोणतेंहि किरणोत्सारी द्रव्य नसलें, तरी त्याचीं पानें मंदपणें मिटतच असत. हा चोर कोण? बहुतेकांचा संशय जमिनीवर होता. १९१० सालीं थिओडोर वुल्फ या जेझुइट पाद्र्यानें आपलें उपकरण पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेलें. परिणाम घटला, पण घटावयास हवा होता तितका घटला नाहीं. डोमेनिको पाचीनी या इटालियन शास्त्रज्ञानें उलट वाट धरली. तो वर चढण्याऐवजीं खालीं उतरला. लिव्होर्नोजवळच्या समुद्रांत १९११ सालीं त्यानें आपलें उपकरण पाण्याखालीं ३ मीटर बुडविलें, तेव्हां परिणाम पृष्ठभागापेक्षां सुमारें एक-पंचमांशानें कमी झाला. ब्राचानोच्या सरोवरांतहि असाच अनुभव आला. समुद्राच्या पाण्यांत स्वतःचा किरणोत्सर्ग थोडा, आणि तळ दूर; मग पाण्याच्या थरानें जें अडविलें तें जमिनीकडून येत नसून अन्य कोठून तरी येत असलें पाहिजे, असा निष्कर्ष त्यानें काढला. पुढील वर्षीं, ७ ऑगस्ट १९१२ रोजीं, व्हिक्टर हेस हा फुग्यांतून पांच हजार मीटरांहून उंच गेला आणि तेथें परिणाम वाढलेला त्यानें पाहिला. विश्वकिरणांच्या या शोधाबद्दल त्यास १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाचीनी १९३४ सालींच निवर्तला होता. नदीच्या मापनाच्या दृष्टीनें या कथेचें महत्त्व असें कीं, उपकरण जें सांगतें तें सर्व समोरच्या नमुन्याचेंच असतें असें नाहीं, हें तेव्हांपासून कायमचें सिद्ध झालें. कांहीं अंश आकाशाचा, कांहीं भोंवतालच्या भिंतींचा आणि कांहीं खुद्द उपकरणाच्या धातूचा. नदीचा धडा करण्यापूर्वीं तराजूचाच धडा करणें आलें.

नदीचें पाणी मोजतांना तर ही खबरदारी दसपट घ्यावी लागते. कारण तेथें माल इतका थोडा असतो कीं, सांगितल्यास खरें वाटूं नये. जगांतील नद्यांच्या पाण्यांत विरघळलेलें युरेनियम सरासरीनें लिटरांत एक मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें असतें. हिशेब केला तर अशा एक लिटर पाण्यांत युरेनियम-२३८ चा एक अणु फुटावयास सुमारें चार मिनिटें लागतात. तांब्याभर पाणी गणकापुढें ठेवून बसणाऱ्यास तेवढ्या वेळांत भिंतींच्या व आकाशाच्या किरणांचे शेंकडों ठोके ऐकूं येतील, आणि त्यांत नदीचा एखादा ठोका कोठें बुडून जाईल. म्हणून पाणी पुष्कळ घ्यावें लागतें, त्यांतील हवें तें द्रव्य लोखंडाच्या साक्यांत किंवा मँगेनीजचा लेप दिलेल्या तंतूंवर धरून काढावें लागतें, आणि मग तो चिमूटभर अर्क दिवसचे दिवस गणकापुढें ठेवावा लागतो. गणकाभोंवतीं शिशाच्या व लोखंडाच्या जाड भिंती उभारतात. विलर्ड लिबी या अमेरिकन रसायनवेत्त्यानें १९४० नंतरच्या दशकांत याखेरीज एक नामी युक्ति योजली: मुख्य गणकाभोंवतीं पहारेकरी गणकांचें कडें बसवावयाचें, आणि कड्यांतील गणक व मुख्य गणक एकाच क्षणीं वाजले तर तो ठोका बाहेरून आलेल्या विश्वकिरणाचा समजून सोडून द्यावयाचा. भिंतींच्या लोखंडाचीहि पारख करावी लागते. १९४५ नंतर ओतलेल्या पोलादांत अणुस्फोटांची धूळ उतरलेली असे. म्हणून स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो या बंदरांत १९१९ च्या जूनमध्यें जर्मन खलाशांनीं स्वतःच बुडविलेल्या युद्धनौकांचें जुनें पोलाद पाण्याबाहेर काढून अशा सूक्ष्म मापनासाठीं वापरण्यांत आलें. पहिल्या महायुद्धाचें लोखंड दुसऱ्या महायुद्धाच्या परिणामापासून निर्लेप राहिलें आणि शास्त्राच्या उपयोगीं पडलें, असा हा दैवयोग आहे.

आतां या मापनास जें गांभीर्य आलें त्याच्या कारणाकडे वळलें पाहिजे. अमेरिकेंत कोलंबिया नदीच्या कांठीं हॅनफर्ड येथें पहिली मोठी अणुभट्टी १९४४ सालीं पेटली. पुढें तेथें अशा आठ भट्ट्या झाल्या, कीं ज्यांत नदीचें पाणी एका बाजूनें शिरे, भट्टीस थंड करी आणि दुसऱ्या बाजूनें परत नदींत पडे. हा क्रम १९७१ पर्यंत चालला. भट्टींतून जातांना पाण्यांतील क्षार किरणोत्सारी होत. त्यांपैकीं फॉस्फरस-३२ माशांत व जलकीटकांत सांठे, आणि जस्त-६५ तर नदीच्या मुखाच्या उत्तरेस असलेल्या विलापा उपसागरांतील कालवांपर्यंत जाऊन पोहोंचलें. रशियांत उरल पर्वताजवळ याहून दारुण प्रकार घडला. तेथील मायाक कारखान्यानें १९४९ पासून १९५६ पर्यंत टेचा नांवाच्या लहानशा नदींत सुमारें ७ कोटी ६० लाख घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी सोडलें. नदीकांठच्या गांवांतील माणसें तेंच पाणी पीत होतीं, त्याच पाण्यावर गुरें पाजीत होतीं, पूर ओसरल्यावर त्याच गाळांत भाजीपाला काढीत होतीं. आणि त्यांस कोणीं कांहींहि सांगितलें नव्हतें. १९५१ सालीं मापन झालें तेव्हां अनर्थ उघडकीस आला. साडेसात हजारांच्या आसपास लोक हळूहळू दुसरीकडे हलविण्यांत आले. परंतु बाहेरच्या जगास या गोष्टीची उघड वार्ता लागण्यास १९८० नंतरचें दशक संपत यावें लागलें.

कोलंबिया आणि टेचा यांच्या पाण्यांत जीं द्रव्यें सांपडलीं त्यांपैकीं बहुतेक अशीं होतीं कीं, निसर्गांत तीं मोजण्याजोगीं नसतातच. स्ट्रॉन्शियम-९० किंवा जस्त-६५ नदींत दिसलें कीं, तें कोणी तरी आणून टाकलें आहे हें निःसंशय ठरतें. चोरीच्या मालावर मालकाचा शिक्काच असावा तसें तें आहे. पण जें द्रव्य नदींत निसर्गानेंहि ठेवलें आहे आणि मनुष्यानेंहि टाकलें आहे, त्याचें काय करावयाचें? एका अणूवरून दुसऱ्याची ओळख पटत नाहीं. तेथें पूर्वीचें माप हाच एक साक्षीदार. याचें सर्वांत बोलकें उदाहरण ट्रिटियमाचें आहे. विश्वकिरणांनीं घडविलेलें हें जड हायड्रोजन पावसाबरोबर नद्यांत उतरतें आणि सुमारें १२ वर्षांत निम्में होतें. म्हणून पाण्याचें वय काढण्यास तें फार उपयोगी पडेल असें लिबीनें ओळखलें. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पावसाचें, मिसिसिपी नदीचें पाणी तपासावयास घेतलें. पण तेवढ्यांत १९५२ च्या नोव्हेंबरांत हायड्रोजन-स्फोटाचा पहिला मोठा प्रयोग झाला, १९५४ च्या मार्चमध्यें आणखी झाले, आणि १९६३ पर्यंत उत्तर गोलार्धाच्या पावसांतील ट्रिटियम कांहीं ठिकाणीं मूळच्या शेंकडों पटींनीं वाढलें. नैसर्गिक मान पाहण्याची खिडकी उघडते न उघडते तोंच बंद झाली. मग मूळ माप शोधावयाचें कोठें? लिबी व कॉफमन यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याचें उत्तर जुन्या द्राक्षमद्यांत सांपडतें. ज्या वर्षीं द्राक्षें पिकलीं त्या वर्षाचा पाऊस बाटलींत बंद, आणि बाटलीवर साल छापलेलें! सर्व जगांतील नद्यांचा धडा करण्याची संधि हुकल्यावर शास्त्रज्ञांस मद्याच्या तळघरांत तो हुडकावा लागला, यांत विनोद आहे खरा, पण तो कडू आहे.

बाटलींतला पाऊस प्रत्येक द्रव्याच्या मदतीस येत नाहीं. कोलोरॅडोंत ड्युरँगो येथें ॲनिमस नदीच्या कांठीं युरेनियमाचें खनिज शुद्ध करण्याचा एक कारखाना होता. त्याचें सांडपाणी नदींत जाई, आणि खालच्या अंगास न्यू मेक्सिकोंतील ॲझ्टेक व फार्मिंग्टन हीं गांवें त्याच नदीचें पाणी पीत. तेथील प्रश्न रेडियमाचा होता, आणि रेडियम तर प्रत्येक नदींत थोडें असतेंच. १९५८ सालीं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें या नदीची पाहणी केली. पद्धति साधी व निर्णायक होती. कारखान्याच्या वरच्या अंगास पाणी, गाळ, शेवाळ व जलकीटक यांचे नमुने घेतले, आणि तसेच खालच्या अंगास टप्प्याटप्प्यानें घेतले. वरचें माप हें नदीचें, आणि खालचें माप वजा वरचें माप हें कारखान्याचें. खालच्या पाण्यांत रेडियम कित्येक पट अधिक निघालें. शेवाळांत व कीटकांत तर त्याहूनहि. आकडे डोळ्यांपुढें आल्यावर सांडपाण्यावर उपाय करणें भाग पडलें आणि नदींतील मान उतरूं लागलें. त्या दोन गांवांतील गृहस्थांस रेडियम म्हणजे काय हें ठाऊक असो वा नसो, वरच्या अंगाच्या त्या थोड्याशा बाटल्यांनीं त्यांचें पाणी राखलें.

परंतु ही वरचें-खालचें तुलना करण्याची रीत सर्वत्र चालेल, असें समजणें भाबडेपणाचें होईल. आपली गोदावरीच पहा. त्र्यंबकेश्वरापासून शेंकडों मैल ती काळ्या कातळावरून वाहते. पुढें तेलंगणांत ती अगदीं निराळ्या, ग्रॅनाइट व तत्सदृश अतिप्राचीन खडकांच्या आणि वालुकाश्मांच्या प्रदेशांत शिरते, आणि सिरोंच्याजवळ वर्धा-वैनगंगेचें पाणी घेऊन आलेली प्राणहिता तिला मिळते. नाशिकचें माप घेऊन राजमहेंद्रीच्या गाळास दोषी ठरविणें म्हणजे एकाच्या भांड्याच्या धड्यानें दुसऱ्याचें तूप तोलण्यासारखें आहे. ऋतूचाहि प्रश्न आहे. वैशाखांत नदीला जें पाणी असतें तें बहुतांशीं झऱ्यांचें, म्हणजे खडकांत मुरून राहिलेलें. श्रावणांत तें आकाशाचें, आणि त्याबरोबर डोंगरांची ताजी माती. एकाच पुलावरून घेतलेले हे दोन नमुने दोन निरनिराळ्या नद्यांचे वाटावे इतके वेगळे असूं शकतात.

शिवाय या द्रव्यांचे स्वभावहि सारखे नाहींत. युरेनियम हवेशीर पाण्यांत कर्बाम्लाच्या संगतीनें सहज विरघळतें आणि पाण्याबरोबर समुद्राकडे चालूं लागतें. थोरियम मातीच्या कणास घट्ट बिलगून बसतें. रेडियम गोड्या पाण्यांत कणांबरोबर राहतें, पण खाडीच्या खाऱ्या पाण्याची गांठ पडतांच कणांस सोडून देतें. रेडॉन तर वायुच. खळाळत्या प्रवाहांतून तो उडून जातो, आणि ज्या ठिकाणीं जमिनींतून नवें पाणी नदींत पाझरतें तेथें मात्र त्याचें मान एकदम चढतें. अशा रीतीनें ज्यांचा उगम एक, तीं भावंडें नदींत विभक्त होतात. नुसतें युरेनियम मोजून रेडियमाचा अंदाज बांधणाऱ्याची येथें फसगत होते. खुद्द युरेनियमाचीं दोन समस्थानिकेंहि बरोबर चालत नाहींत, हें चेरदिन्त्सेव्ह या सोव्हिएट शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत दाखविलें. खडकांत युरेनियम-२३४ व युरेनियम-२३८ यांचे अणु समसमान वेगानें फुटत असतात. पाण्यांत मात्र पहिल्याचा वेग बहुधा अधिक भरतो, कारण जनक-अणु फुटतांना बसलेल्या धक्क्यानें तें समस्थानिक स्फटिकांतून सैल होऊन पाण्यांत लवकर उतरतें.

या बाबतींत भारतीय नद्यांचें पहिलें पद्धतशीर काम मुंबईसच झालें, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील भट व कृष्णस्वामी यांचा भारतीय नद्यांतील युरेनियम व रेडियम यांच्या समस्थानिकांवरील निबंध १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. तीच परंपरा पुढें अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत चालली आणि तेथील सरीन, कृष्णस्वामी प्रभृतींनीं गंगा-ब्रह्मपुत्रांचें सविस्तर मापन १९९० सालीं पुढें मांडलें. गंगेच्या पाण्यांत युरेनियम जगांतील सरासरीच्या कित्येक पटींनीं अधिक असल्याचें त्यांस आढळलें. आणि त्याचें कारण कोणाचाहि अपराध नसून हिमालयाची झीज हें आहे. हें माप हातीं नसतें, तर एखाद्यानें गंगेचें पाणी तपासून, जागतिक सरासरीशीं ताडून, कांठच्या कोणत्या तरी कारखान्यावर खुशाल आळ घेतला असता. धडा केल्यानें अपराधी सांपडतो तसाच निरपराधीहि सुटतो, हें विसरतां कामा नये.

आपल्या देशांत अणुविद्युत् केंद्र सुरू करण्यापूर्वीं त्या परिसराचें मूळ मान मोजून ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो स्तुत्य आहे. कारवारजवळ काळी नदीच्या कांठीं कैगा येथें २००० सालीं व्यापारी वीजनिर्मिति सुरू झाली. तत्पूर्वीं मंगळूर विद्यापीठांतील सिद्दप्पा व त्यांच्या शिष्यांनीं त्या भागांतील माती, पाणी, वनस्पति यांचें नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या दृष्टीनें परीक्षण आरंभिलें होतें. आज काळी नदीविषयीं कोणास शंका आली, तर निदान कशाशीं ताडून पाहावयाचें हें ठाऊक आहे.

परंतु जेथें अणूचें नांवहि निघत नाहीं तेथें हा प्रघात क्वचितच पाळला जातो. आणि त्याचें कारण 'नैसर्गिक' या शब्दाची भूल हें आहे. जें नैसर्गिक तें निरुपद्रवी, असा आपला एक गोड समज असतो. पोलंडांतील अप्पर सिलेशियाच्या कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या खाऱ्या पाण्यांत रेडियम फार असतें. तें पाणी वर्षानुवर्षें व्हिस्तुला व ओडर यांच्या उपनद्यांत सोडलें गेलें आणि कांठच्या गाळांत रेडियमाचे थर बसले. त्यांतला प्रत्येक अणु निसर्गाचाच होता. पण खोल जमिनीखालून तो उपसून नदींत ओतण्याचें काम निसर्गानें केलें नव्हतें. जात नैसर्गिक, पण प्रमाण कृत्रिम, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे विदर्भांतील कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथें कोळसा जाळून वीज होते. कोळसा जळून जातो, पण त्यांतील युरेनियम व थोरियम बहुतांशीं राखेंत उरतात. म्हणून वजनास वजन धरलें तर राखेंत त्यांचें प्रमाण कोळशाहून कांहीं पट अधिक असतें. ही राख नदीस मिळाल्यानें अनर्थ होतोच, असें येथें म्हणावयाचें नाहीं. तें मोजूनच ठरावयाचें. मुद्दा एवढाच कीं, राख पडण्यापूर्वींचें कन्हान, इरई या नद्यांच्या गाळाचें माप ज्याच्यापाशीं नाहीं, त्यास होकार किंवा नकार यांपैकीं कांहींच छातीठोकपणें देतां येणार नाहीं. मग वाद आकड्यांचा न राहतां आवाजाचा होतो, आणि त्यांत नदीकांठचा मनुष्य बहुधा हरतो.

गेलेली संधि सर्वस्वीं गेलीच, असें मात्र नाहीं. धरणांच्या व खाड्यांच्या शांत तळाशीं वर्षावर्षाचा गाळ एकावर एक बसत असतो, आणि त्याची तारीख लावण्याचें साधनहि नैसर्गिक किरणोत्सर्गानेंच दिलें आहे. हवेंतील रेडॉनपासून होणारें शिसें-२१० पावसाबरोबर गाळांत उतरतें आणि सुमारें २२ वर्षांत निम्में होतें. तें जितकें उणें, तितका थर जुना. गोल्डबर्ग यानें १९६३ सालीं ही कल्पना मांडली. सरोवरांच्या गाळास ती लावून दाखविणारा १९७१ चा मूलभूत निबंध कृष्णस्वामी व देवेंद्र लाल यांनीं मार्तां व मेबेक या फ्रेंच सहकाऱ्यांसह लिहिला, आणि त्या वेळीं हे दोघे भारतीय शास्त्रज्ञ मुंबईसच होते. या रीतीनें मागचीं शंभर-सव्वाशें वर्षें वाचतां येतात. अणुस्फोटांचें सीझियम-१३७ ज्या थरांत सर्वांत अधिक तो थर १९६३ च्या आसपासचा, हा पडताळाहि मिळतो. गाळ ही नदीची बखर आहे म्हणावयास हरकत नाहीं. पण बखरींचे जे दोष ते तिच्यांतहि आहेत. एखादा मोठा पूर येतो आणि मधलीं पानें फाडून नेतो. वाळूउपसा करणारे तर बांधणीच उसवून टाकतात. शिवाय गाळास चिकटणाऱ्या द्रव्यांची हकीकत ती सांगते, विरघळून गेलेल्यांची नाहीं. म्हणून बखर असली तरी दप्तर ठेवण्याची जबाबदारी टळत नाहीं.

दप्तर ठेवणें हें काम दिखाऊ नाहीं. दर ऋतूंत त्याच घाटावर जावें, त्याच रीतीनें पाणी व गाळ घ्यावा, आकडा लिहावा, आणि पुढच्या ऋतूंत पुन्हां जावें. त्यांतून बहुधा नवें असें कांहींच निघत नाहीं. यास पैसा देणारे थोडे, आणि कीर्ति तर मुळींच नाहीं. तथापि वर सांगितलेल्या इतिहासांत ज्या ज्या ठिकाणीं नदीकांठच्या माणसांस न्याय मिळाला, तेथें तो अशाच कोणा चिकाटीच्या मनुष्याच्या वहीमुळें मिळाला आहे; आणि टेचाच्या कांठीं तशी वही वेळेवर कोणीं उघडली नाहीं. आपल्या प्रत्येक जिल्ह्यांत आज कॉलेज आहे, बहुतेकांत पदार्थविज्ञान व रसायन यांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि प्रत्येक गांवाजवळून एखादी नदी वाहते. सूक्ष्म समस्थानिकांचें काम मोठ्या संस्थांनींच करावें. पण गाळाचे नमुने दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर घेऊन, तारीख व जागा लिहून, वाळवून, बंद करून जपून ठेवणें एवढें तरी कोणत्याहि कॉलेजास शक्य आहे. आज त्या बाटल्या कोणी न तपासल्या तरी चालेल. पन्नास वर्षांनीं जो प्रश्न विचारला जाईल तो आज आपणांस ठाऊक नाहीं. त्याचें उत्तर ज्या गाळांत आहे तो मात्र आज आपल्या नद्यांच्या तळाशीं पडलेला आहे.